आळसाचा नकाशा

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. फक्त वस्तुस्थिती लिहायची. तक्रारी, भावना आणि खाणंपिणं यांना इथे जागा नाही.

वस्तुस्थिती अशी. किनाऱ्यालगतच्या समुद्राचे आमच्या संस्थेने चाळीस चौकोन पाडले आहेत. प्रत्येक चौकोनात तळाच्या चिखलात कोणते जीव सापडले ते पाहून नकाशा रंगवला जातो. जीव भरपूर तर गडद हिरवा, कमी तर फिकट. एकोणचाळीस चौकोन रंगले. एकोणीस नंबरचा अजून पांढरा आहे. संस्था सुरू झाल्यापासून तिथल्या एकाही नमुन्याची नोंद नाही. कारण उघड आहे. तो लांब आहे, उन्हात आहे, आणि वाटेत चहा मिळत नाही.

माझा निबंध यावरच. शीर्षक: 'आळसाचा नकाशा'. जिथे गाडी लावायला जागा मिळते तिथेच संशोधक समुद्र तपासतात, हे मी नावानिशी सिद्ध करणार आहे. पहिल्याच पानावर आमच्या सरांचं नाव घातलं. सर आता हयात नाहीत, पण सत्य ते सत्य.

३१ मार्चला मी निवृत्त होते. त्याआधी एकोणीस भरून निबंध समितीपुढे मांडला, तर दोन वर्षांची मुदतवाढ देऊ, असं संचालक स्वतः म्हणाले. म्हणजे, बघू या मॅडम, असं म्हणाले. ते विद्यार्थी होते तेव्हा त्यांना चिमटा धरायला मी शिकवलं आहे. त्यामुळे बघू या म्हणजे हो.

संकल्प: रोज पाचला उठणे. साखर बंद. कुणावर ओरडायचं नाही.

५ जानेवारी
साडेसातला उठले. संकल्प करण्यातही शक्ती जाते, हे कुणी लक्षात घेत नाही.

डॉक्टरांनी चहात साखर घातली होती. डॉक्टर म्हणजे माझे यजमान, निवृत्त दंतवैद्य. टाकून देणं बरं दिसत नाही म्हणून प्यायले. दुसरा कपही त्याच कारणाने.

त्यांनी पुन्हा तिकिटांचा विषय काढला. लेकीला मे महिन्यात बाळ होणार आहे. एप्रिलच्या सुरुवातीला दोघांनी तिच्याकडे जायचं आणि चांगलं सहा महिने राहायचं, असं त्यांचं चाललंय. म्हटलं, जरा थांबा, मुदतवाढीचं काय ते कळू दे. म्हणाले, मी थांबेन बाईसाहेब, बाळ थांबणार नाही.

माझ्याशिवाय संस्थेचं काय होईल याचा विचार हा माणूस करत नाही.

९ जानेवारी
बोटवाल्याला भेटले. फार बोलतो. पण एकोणीसचं नाव काढताच त्याचे डोळे चमकले. म्हणाला, बाई, तिकडे तर नुसता खच पडलाय. जाळं टाकलं की वर ओढवत नाही. खेकडे तर एवढे, म्हणून स्वतःच्या कोपरापर्यंत बोट लावून दाखवलं.

विचारलं, तू शेवटचा कधी गेला होतास? म्हणाला, मी नाही हो, माझा मेव्हणा. मेव्हणा कुठे असतो? तो आता फरशा बसवतो.

माहिती विश्वासार्ह वाटते. फरशा बसवणारा माणूस मापाचा पक्का असतो.

बरण्या जास्त लागणार. संस्थेच्या नमुन्यांच्या संग्रहातून चार खोकी मागवली.

१४ जानेवारी
पहिली फेरी. अर्ध्या वाटेत बोटीने मान टाकली. बोटवाला म्हणाला, बाई, आज इंजिनाचं मन नाही. मी म्हटलं, इंजिनाला मन नसतं. तो म्हणाला, मग आता काय आहे ते तुम्हीच सांगा. यावर मी ओरडले नाही. फक्त स्पष्ट बोलले. दुसऱ्या बोटीने ओढून आम्हाला परत आणलं, तेव्हा धक्क्यावर एवढी माणसं का जमली होती कळलं नाही.

मला बोट लागत नाही, हे इथे नोंदवून ठेवते. मी मधूनमधून डोळे मिटते आणि कठडा धरते, ते एकाग्रतेसाठी.

दिवस फुकट जाऊ नये म्हणून धक्क्याजवळच थोडे नमुने घेतले. गाडी तिथे होतीच.

१५ जानेवारी
मॉडेलवाली आली. ही शेजारच्या खोलीत बसते. वय तिशीच्या आसपास, पाय कधी ओले केले नाहीत. शेजारच्या चौकोनांची माहिती कॉम्प्युटरला भरवते आणि मधल्या चौकोनात काय असेल ते त्याच्याकडून वदवून घेते. याला ती मॉडेल म्हणते, आणि मॉडेलला विज्ञान.

न विचारता तिने माझ्या तीस वर्षांच्या नमुन्यांचे ठिपके पडद्यावर मांडून दाखवले. सगळे एका जागी, धक्क्याच्या कॅन्टीनजवळ. मी म्हटलं, त्या भागातली जैवविविधताच मोठी आहे. ती म्हणाली, हो मॅडम, आणि बहुतेक अकराच्या सुमाराला मोठी असते.

फाजील मुलगी आहे. हे निबंधात घेण्याचं कारण नाही. निबंध इतरांविषयी आहे.

१६ जानेवारी
नव्या तुकडीला पहिलं व्याख्यान. दरवर्षी देते तेच. नकाशावर रिकामी जागा म्हणजे आपण पाहिलं नाही. शून्य म्हणजे आपण पाहिलं आणि तिथे काही नव्हतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याला शून्य लिहायची लाज वाटते त्याने विज्ञानात येऊ नये. फळ्यावर दोनदा अधोरेखित केलं, खडू मोडला.

एकाने विचारलं, मॅडम, शून्य सापडल्याचे निबंध कुणी छापतं का? त्याला बाहेर जायला सांगितलं. ओरडले नाही.

२० जानेवारी
निबंधाचा दुसरा भाग पूर्ण. शीर्षक: 'सबबी'. जुन्या अहवालांत 'हवामान अनुकूल नव्हते' हे वाक्य किती जणांनी वापरलं आहे ते शोधून काढलं. मग त्या प्रत्येक दिवशीचं हवामान वेधशाळेकडून मागवलं. बहुतेक दिवशी वारा पडलेला होता. अशी एकेकाची सालटी काढली आहे की समिती वाचतच राहील.

संध्याकाळी डॉक्टरांना तो भाग वाचून दाखवला. म्हणाले, झकास. मग म्हणाले, आता तू जाऊन ये म्हणजे झालं.

२२ जानेवारी
दुसरी फेरी. इंजिन ठीक. मी मात्र पित्ताने हैराण. सकाळी टोस्ट खाल्ला त्याचा दोष असावा. एकोणीसच्या अलीकडून बोट वळवायला सांगितली.

बोटवाला म्हणाला, बाई, लिंबू हुंगता का? म्हटलं, मला बोट लागत नाही. म्हणाला, छे छे, तुम्हाला कशी लागेल, मीच हुंगतो. आणि लिंबू माझ्या मांडीवर ठेवून गेला.

फेरीच्या नोंदवहीत कारण लिहायचा रकाना आहे. लिहिलं: हवामान अनुकूल नव्हते. बोटवाला डोकावून म्हणाला, बाई, पाणी तर ताटात ओतल्यासारखं सपाट आहे. हवामान म्हणजे केवळ वारा नव्हे, हे त्याला कोण समजावणार.

डॉक्टरांनी बोट लागू नये म्हणून गोळ्या आणल्या. घेतल्या, केवळ त्यांच्या समाधानासाठी.

६ फेब्रुवारी
पोचले! संस्थेच्या इतिहासात एकोणीसवर पाऊल ठेवणारी मी पहिली. पाऊल म्हणजे अर्थात बोट.

आमच्याकडे लोखंडी पंजा असतो. दोरीला बांधून तळाशी सोडायचा, टेकला की मिटतो आणि ओंजळभर चिखल घेऊन वर येतो. चिखल चाळणीत धुवायचा, चाळणीत उरतील ते किडे, शिंपले, खेकडे बरणीत भरायचे. धक्क्याजवळच्या एका ओंजळीतसुद्धा वळवळणारं काहीतरी असतंच.

पंजा वर आला. चिखल काळाकुट्ट, नासलेल्या अंड्यांचा वास. धुतला. चाळणीत काही नाही.

पुन्हा टाकला. काही नाही. आणखी दोनदा. शेवटी एक शिंपला मिळाला, रिकामा. कुठून तरी वाहून आलेला असणार.

बोटवाल्याचा चेहरा पडला. त्याने तिथूनच मेव्हण्याला फोन लावला. बराच वेळ बोलणं चाललं. मग मला म्हणाला, बाई, तो म्हणतो ती गोष्ट त्याच्या आजोबांच्या वेळची आहे. आणि आजोबांना समुद्रावर कुणी नेत नसे, ते नुसते सांगायचे.

दोष पंजाच्या स्प्रिंगचा असणार. नीट मिटत नाही.

७ फेब्रुवारी
वर्कशॉपमध्ये पंजा दाखवला. तिथल्या मिस्त्रीने त्यात एक लाकडी पट्टी धरली आणि पंजा मिटवला. पट्टीचे दोन तुकडे झाले. म्हणाला, आणखी काय पाहिजे?

उर्मट माणूस. पट्टी जुनी होती.

१८ फेब्रुवारी
चौथी फेरी. एकोणीसचा दुसरा कोपरा, नवी बारीक चाळणी, कोरी दोरी. गोळी घेतली होती, त्यामुळे डोळे उघडे ठेवून एकाग्र होता आलं.

काही नाही. दुपारपर्यंत काही नाही. तोच काळा चिखल, तोच वास. चाळणी इतकी स्वच्छ की घरी पीठ चाळायला नेली असती. बोटवाला सांत्वन करत होता. म्हणाला, बाई, आज त्यांची सुट्टी असेल.

घरी आल्यावर डॉक्टरांना सांगितलं. सांगायला नको होतं. खुर्चीत ताठ बसले. म्हणाले, काहीच नाही म्हणजे? तळाशी काहीच जगत नाही? अगं मग ही केवढी बातमी! आजूबाजूला एवढं भरलेलं आणि मध्येच एक मेलेली जागा. का मेली ते शोध. मला तोंडात असं काही दिसलं असतं तर रात्रभर झोप लागली नसती.

म्हटलं, तुम्हाला कळत नाही. समितीपुढे उभं राहून सांगू की तीस वर्षं नोकरी केली, शेवटी शून्य आणलं, आता त्यावर दोन वर्षं वाढवून द्या? शून्यासाठी मुदतवाढ कोण देईल? शिवाय दोन दिवसांच्या कामावर शून्य लिहिणं घाईचं होईल. खात्री हवी.

म्हणाले, खेकडा मिळाला असता तर किती दिवस लागले असते खात्री करायला?

दातांच्या माणसाशी वाद घालू नये. त्यांना समोरच्याच्या तोंडात बोट घालायची सवय असते.

२४ फेब्रुवारी
संग्रहाच्या खोलीत न वापरलेल्या बरण्या परत करायला गेले. चारही खोकी. संग्रह जिच्या ताब्यात आहे ती बरणीबाई आणि मी एकाच वर्षी इथे लागलो. तेव्हापासून आमचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही.

तिने माझ्याकडे न पाहता बरण्या मोजल्या. म्हणाली, एक कमी आहे. ती माझ्या पिशवीत होती. आत स्पिरिट, तळाला चिमूटभर काळा गाळ आणि तो शिंपला. लेबलवर एकोणीस. नियमाप्रमाणे लावलेलं. आणि बरणी टाकून देववली नव्हती.

तिने उजेडात धरून पाहिली. म्हणाली, अच्छा, तूसुद्धा का. हिची जागा मला माहीत आहे, चल.

मागच्या भिंतीशी, खालच्या फळीवर, जुन्या कॅलेंडरांच्या आड चार बरण्या होत्या. चारही लेबलांवर एकोणीस. अक्षरं वेगवेगळी, शाई वेगवेगळी. आत स्पिरिट आणि चिमूटभर काळा गाळ. दुसरं काही नाही. दोन अक्षरं मी ओळखली. त्यातलं एक आमच्या सरांचं.

म्हटलं, यांची नोंद का नाही? बरणीबाई म्हणाली, मी काय, प्रत्येकाला विचारलं. सगळे म्हणाले, नोंद नंतर करू, आधी पुन्हा एकदा जाऊन बघतो. सर तर दर वर्षी म्हणायचे, यंदा जाऊन बघतो. जास्त विचारलं की चिडायचे. मग मी विचारणं सोडलं. आणि फेकायच्या तरी कशा, लेबल लावलेली बरणी मी फेकत नाही. बोल, तुझं काय करू?

म्हटलं, नोंद नंतर करू. आधी पुन्हा एकदा जाऊन बघते.

म्हणाली, अगदी सरांसारखी बोललीस हो.

मी ते कौतुक म्हणून घेतलं.

२५ फेब्रुवारी
शक्यता: जुनं स्पिरिट वाईट प्रतीचं असावं आणि जीव त्यात विरघळले असावेत. माझ्या बरणीतले इतक्या लवकर कसे विरघळले, हे तपासावं लागेल.

निबंधातून सरांचं नाव काढलं. मग इतर तिघांची काढावी लागतील असं वाटलं, पण त्यातली दोन अक्षरं ओळखता येत नाहीत. म्हणजे कुणाचंच नाव ठेवता येईना. सगळी काढली. आता पहिल्या पानावर आळशी कोण ते कळतच नाही.

दुपारी एक क्षण असं वाटलं की खरा निबंध हाच आहे. पाच माणसं गेली, पाचही जणांना काही मिळालं नाही, आणि पाचही जण गप्प बसले. म्हणून चौकोन पांढरा राहिला. आळस नव्हताच. मग कॅन्टीनचा माणूस चहा घेऊन आला आणि विषय राहिला.

नावं परत घातली. शीर्षकही आहे तेच ठेवलं. छापील पानं बदलायची म्हणजे कटकट.

१० मार्च
समिती. तीन बाहेरचे सदस्य, संचालक, आणि मागे सगळी संस्था. माझं बोलणं उत्तम झालं. 'सबबी' या भागाला हशा पिकला.

मग अध्यक्षांनी विचारलं, मॅडम, एकोणीसला तुम्ही स्वतः गेला होतात का?

उत्तर काय द्यायचं ते मी ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, हवामान अनुकूल नव्हतं.

कुणीही हसलं नाही. उलट सगळ्यांनी सहानुभूतीने माना डोलावल्या. अध्यक्ष म्हणाले, हो ना, यंदा फारच.

इथेच संपलं असतं. पण मॉडेलवालीने हात वर केला. म्हणाली, मॅडम, एक विचारू? तुमच्याकडे नुसतं शून्य असेल तरी चालेल. मॉडेलला तेवढंही पुष्कळ आहे. नसेल तर नाइलाजाने शेजारच्या आठ चौकोनांवरून भरावं लागतं.

आवाजात फाजीलपणा नव्हता. खरोखर विचारत होती. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मागच्या रांगेत बरणीबाई होती.

मी म्हटलं, माहिती उपलब्ध नाही.

मॉडेलवालीने दोन बटणं दाबली. म्हणाली, मग सत्तेचाळीस प्रजाती येतात. अध्यक्ष पुढे सरसावले. किती? सत्तेचाळीस. म्हणजे किनाऱ्यावरचा सगळ्यात समृद्ध चौकोन की हो! टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. हात मोकळे होते म्हणून.

११ मार्च
डॉक्टरांना सगळं सांगितलं. बरण्यांसकट. मग म्हणाले, चाळीस वर्षं दात पाहिले. शेजारच्या आठ दातांवरून हिशेब करून रिकाम्या जागेत दात आहे असं मी कुणाला लिहून दिलं नाही. त्या माणसाने भाकरी कशाने चावायची?

म्हटलं, उद्या जाऊन संचालकांना सांगते. शून्य म्हणून सांगते.

म्हणाले, उद्या नक्की?

नक्की.

१२ मार्च
संचालक दौऱ्यावर.

१३ मार्च
संचालक आले, पण पाहुणे होते. पाहुण्यांसमोर शून्याचा विषय बरा दिसत नाही.

१६ मार्च
आज ठरवून गेले. दार लावून घेतलं. संचालक म्हणाले, मॅडम, आधी माझं ऐका, आनंदाची बातमी आहे. नकाशा छापायला गेला. बाहेरून दोन फोन आले, सत्तेचाळीसबद्दल विचारत होते. तुम्ही तो चौकोन लावून धरला नसतात तर कुणी तिकडे ढुंकून पाहिलं नसतं. हे सगळं श्रेय तुमचं.

मग म्हणाले, तुम्हाला काय सांगायचं होतं?

म्हटलं, तुमच्या खोलीतला पंखा आवाज करतो.

१७ मार्च
विचार करता माझं वागणं योग्यच होतं. छापून झाल्यावर दुरुस्ती करणं संस्थेच्या प्रतिष्ठेला बरं नाही. मी स्वतःसाठी काही करत नाही.

साखर पुन्हा बंद.

२३ मार्च
नकाशा प्रवेशद्वाराच्या भिंतीवर लागला. माणसाएवढा उंच. एकोणीस सगळ्यात गडद हिरवा, जवळजवळ काळा. खाली बारीक अक्षरात आभार: क्षेत्रीय सहकार्याबद्दल, आणि माझं नाव.

नवी तुकडी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढत होती. बोटवालाही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. पोरांना सांगत होता, मी आणि बाई, आम्ही होतो ना तिथे! खेकडे एवढे. खेकडा आता त्याच्या खांद्यापर्यंत गेला आहे. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, अरे, आपण काय पाहिलं ते तुला माहीत आहे. म्हणाला, बाई, ते आपलं आपल्यात. पण भिंतीवर आहे म्हणजे असणारच की. आपल्याला दिसले नाहीत, एवढंच.

हे वाक्य ऐकून मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचा राग आला.

बरणीबाई जाता जाता नकाशापुढे थांबली. चष्मा कपाळावर सरकवून एकोणीस पाहिला. मग मला पाहिलं. तिने डोळे तपासून घ्यायला हवेत.

३१ मार्च
निवृत्तीचा दिवस. सकाळी टेबल आवरत होते तेव्हा शिपाई पत्र घेऊन आला. मुदतवाढ. पूर्ण दोन वर्षं.

जिंकले! तीस वर्षांच्या कष्टांना न्याय मिळाला. डॉक्टरांना फोन लावला आणि पत्र वाचून दाखवू लागले. दुसऱ्या परिच्छेदाशी मी थांबले. म्हणाले, वाच की. वाचलं. सदर मुदतवाढ एकोणीस क्रमांकाच्या चौकोनातील सत्तेचाळीस प्रजातींचे नमुने प्रत्यक्ष गोळा करून संग्रहात जमा करण्यासाठी देण्यात येत आहे.

म्हटलं, ऐकताय ना? म्हणाले, ऐकतोय. मग म्हणाले, मी दोन तिकिटं काढली होती. एक परत करतो.

संचालकांकडे गेले. विचारलं, हे दुसऱ्या कुणाला देता नाही का येणार? म्हणाले, मॅडम, तिथपर्यंत जायची जिद्द तुमच्याशिवाय कुणाकडे आहे?

४ एप्रिल
डॉक्टर लेकीकडे गेले. मी पोचवायला गेले होते. बाळाची झबली मी घेतलेली, ती त्यांच्या बॅगेत. म्हटलं, पावसाळ्यात बोटी बंद असतात, तेव्हा येते की. म्हणाले, ये. तोवर त्याला मान धरता येत असेल. गाडी सुटताना म्हणाले, बाईसाहेब, गोळी घेत जा. रिकाम्या पोटी नको.

घरी आल्यावर स्वतःचा चहा स्वतः केला. साखर घातली नाही. आठवडाभरातला पहिला पाळलेला संकल्प. सांगायला कुणी नव्हतं.

६ एप्रिल
पहाटे निघालो. पाणी सपाट, आकाश स्वच्छ, इंजिन सुरळीत. नावं ठेवायला जागा नाही.

पंजा सोडला. काळा चिखल. धुतला. बोटवाला माझ्या खांद्यावरून वाकून चाळणीत पाहत राहिला, त्याने खरंच श्वास रोखला होता.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. म्हणाली, आई, बाबा व्यवस्थित आहेत, सकाळपासून पाळण्याचे स्क्रू घट्ट करत बसलेत. तुझं काय, मिळालं का काही?

म्हटलं, कामाला सुरुवात केली आहे. सत्तेचाळीस बाकी आहेत.